डाव्या पायावरचा आळ

मी चंद्रप्रकाशचा डावा पाय बोलतोय. जन्माचा नव्हे, नंतरचा. जन्माचा गेला आणि त्याच्या जागी मी आलो.

माझा जन्म अंधेरीतल्या, गरजूंना पाय बनवून देणाऱ्या एका संस्थेच्या कारखान्यात झाला. बाहेर रिक्षांचा कलकलाट, आत प्लास्टरची पांढरी धूळ. सर्वेश नावाच्या तरुण कारागिराने चंद्रप्रकाशच्या गुडघ्याखाली उरलेल्या पायाचं माप घेतलं, त्यावरून तो उरलेला भाग बसेल अशी माझी वाटी घडवली, खाली नळी जोडली आणि नळीच्या टोकाला रबरी पाऊल बसवलं. पावलाला बोटंही आहेत. हलत नाहीत, पण आहेत. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चंद्रप्रकाशची बायको जानकी म्हणाली, "अहो, हा तुमच्यापेक्षा उजळ आहे!" म्हणजे नव्या सुनेसारखा मीही आधी रंगावरूनच जोखला गेलो.

मला दुखत नाही. ही बढाई नाही, माझी घडणच तशी आहे. ठेच, चटका, मुंग्या यांतलं मला काहीच ठाऊक नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्यात आग लागतच नाही, तर जाणार कुठे?

चंद्रप्रकाशचे वडील देवगडहून गिरणीत आले, आणि तो बोरीवलीत वाढला. कुरियर कंपनीत पाकिटं वाटायचा, दिवसभर सोसायट्यांचे जिने चढायचा-उतरायचा. मग साखर लागली, म्हणजे मधुमेह, आणि हळूहळू तळव्यांची जाणीव गेली. चप्पल चावली, कळलं नाही. जखम चिघळली, कळलं नाही. कळलं तेव्हा पाय काळा पडला होता. तो कापताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "दुसऱ्या पायातही संवेदना नाही. रोज तळवा तपासायचा. हाही गेला तर अंथरूण धराल."

थोडे दिवस तपासला. मग घरात सगळं कौतुक माझंच सुरू झालं. मला पुसायचं, माझा पट्टा बघायचा, पाहुणे आले की मला काढून दाखवायचं. पोरं मला टिचक्या मारून बघायची. बिचाऱ्या उजव्याला कोण विचारतो? घरातलं गुणी पोर कुणाच्या नजरेत येत नाही, तशातली गत.

पायाबरोबर चंद्रप्रकाशच्या आतलंही काहीतरी बधिर झालं होतं. कंपनीने त्याला खुर्चीवर बसवलं. तो गेला, बसला, परत आला. न हसणं, न चिडणं. एकदा जानकीने मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. त्याने गुपचूप भुरकली आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मला तेव्हा वाटलं, हा माझ्यासारखा व्हायला लागलाय.

म्हणूनच जेव्हा संस्थेने मुरबाडच्या बाजूला, गावांमधून जाणारी मोठी धाव ठरवली आणि चंद्रप्रकाश स्वतःहून "मी येतो" म्हणाला, तेव्हा जानकीला आनंद लपवता येईना. धावायचं किंवा चालायचं, जमेल तसं. जो शेवटपर्यंत पोचेल त्याच्या नावाने एका गरजूला पाय मिळणार. चंद्रप्रकाशच्या वाट्याला देवनारचा धोंडिराम आला होता, पाय गेल्यापासून घरातच पडून असलेला. चंद्रप्रकाशने त्याला कधी पाहिलं नव्हतं. तरी धावेच्या आधीच्या दिवसांत तो जेवताना मध्येच म्हणायचा, "धोंडिराम वाट बघत असेल." डॉक्टरांना विचारलं नाही. ते नाही म्हणतील हे दोघांनाही माहीत होतं.

थंडीतली सकाळ होती. भात कापून झालेली मोकळी शेतं, मधूनच वालाचे हिरवे पट्टे. आम्हाला दोघांना नवे बूट होते, मला आणि उजव्याला. धडधाकट मंडळी भुर्रकन पुढे गेली. आम्ही थोडं धावायचो, बरंच चालायचो. सर्वेश मोटरसायकलवरून मागे-पुढे करत होता. वाटेत लोक टाळ्या वाजवायचे. "काका, तुम्ही आमची प्रेरणा!" म्हणत एका बाईंनी फोटो काढला. फोटोही माझाच.

डांबरी रस्ता सोडून वाट शेतांमधून गेली. तिथे एका कुंपणाच्या बाभळीच्या फांद्या गुरांनी तुडवून वाटेवर आणल्या होत्या. चंद्रप्रकाशने मला जपून टाकलं. उजवा मात्र सरळ फांदीवर पडला. चंद्रप्रकाशच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

पुन्हा डांबर लागलं आणि आवाज सुरू झाला. टक. टक. टक.

"सर्वेश, अरे पाय वाजतोय बघ," चंद्रप्रकाश म्हणाला.

सर्वेशने मोटरसायकल उभी केली. मला हलवलं, वाकवलं, वाटीला कान लावला. "काका, बोल्ट ढिला झाला असणार. एक मिनिट." पाना काढून त्याने माझे सगळे बोल्ट आवळले. "आता झकास! पळा बिनधास्त."

आम्ही निघालो. टक. टक. टक.

पुढच्या वळणावर मला परत तपासलं. नळी फिरवून पाहिली, टाचेत तेल सोडलं. "नवीन बुटाचा असेल यार," सर्वेश वैतागून म्हणाला आणि माझा बूट काढून झटकला. माझा! मला ओरडावंसं वाटत होतं, अरे, शेजारी बघ, शेजारी. पण मला तोंड नाही. तो काटा मला रुतला असता तर काय बिघडलं असतं? रबराला एक भोक पडलं असतं, एवढंच.

जेवणाचा थांबा एका शाळेच्या ओसरीवर होता. जानकी संस्थेच्या गाडीने आधीच येऊन पोळी-भाजीचे डबे मांडत होती. नवऱ्याला येताना पाहून तिने पदराने डोळे टिपले. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, आणि कितीतरी महिन्यांनी तो कुणीही न विचारता बोलत होता.

"पोचतो गं मी. आता थोडंच राहिलंय. धोंडिरामचं काम झालं समज."

चटईवर बसून त्याने मला सोडलं, उरलेल्या पायाच्या खुंटाला वारा लागावा म्हणून. मी डब्यांशेजारी आडवा पडलो. त्याला तहान लागली होती. जानकी उठायच्या आत तो भिंतीला हात धरून, एकट्या उजव्यावर उड्या घेत माठाकडे निघाला.

फरशीवर आवाज आला. टक. टक.

जानकीच्या हातातला भाजीचा डाव तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. एरवी सगळ्यांसमोर शुद्ध बोलणारी ती एकदम गावच्या मालवणी बोलीवर आली.

"अहो, थांबा! पाय तर हंय आसा, मगे आवाज खंयसून येता?"

तिने त्याला खांबाशी बसवलं आणि उजव्याचा बूट उपसला. मोजा टाचेपर्यंत लाल चिंब होता. बुटाच्या तळातून बाभळीचा काटा आरपार गेला होता, त्याचं मोडकं बूड खाली वाजत होतं आणि टोक तळव्यात होतं. इतक्या वेळात त्याने आतलं मांस ढवळून काढलं होतं. सर्वेश धावत आला. पाना अजून त्याच्या हातात होता.

चंद्रप्रकाश वाकून बघत होता, दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. इथे ज्याचं जळत होतं त्याला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

"दुखत नाहीये गं," तो म्हणाला. "पट्टी बांध घट्ट. थोडंच राहिलंय. त्याचा पाय अडेल माझ्यामुळे."

"दुकत नाय, ताच तर वायट!" जानकी रडत ओरडली. "गप रवा!"

सर्वेश मान खाली घालून म्हणाला, "काका, त्यांना पाय मिळणारच आहे. त्यांचं माप कधीच घेऊन झालंय. पोचलात तर पाय मिळेल वगैरे... ते पोस्टरवर लिहायला असतं."

चंद्रप्रकाशने त्याच्याकडे पाहिलं. "असं होय," म्हणाला. गाडीत त्याला मागच्या सीटवर झोपवलं, मला त्याच्या उशाशी ठेवलं. खिडकीतून मागून येणारे धावणारे दिसत होते, हात हलवत होते.

आता मी बोरीवलीच्या घरात, कपाटाला टेकून उभा असतो. चंद्रप्रकाश खाटेवर. रोज ड्रेसिंग होतं. जखम भरत नाही, करंगळीचा रंग बदललाय. डॉक्टर म्हणतात, आणखी थोडे दिवस बघू. परवा सर्वेश आला होता. मनाने चांगला आहे पोरगा. जाताना दारात जानकीला म्हणाला, "काकी, टेन्शन घेऊ नका. वेळ आलीच तर दुसराही बनवू, याच्यासारखाच, एक नंबर." तिने त्याला चहा विचारला नाही.

डॉक्टरांनी तिला एक तपासणी शिकवलीय. त्याने डोळे मिटायचे, तिने बोटाने त्याचा तळवा दाबायचा आणि विचारायचं, "कळतंय?" तो रोज "नाही" म्हणायचा. काल ती विचारता विचारता थांबली. बोट तळव्यापासून वीतभर लांब, हवेतच राहिलं.

"कळतंय?"

"हो, कळतंय ना," डोळे मिटून तो म्हणाला. "आज बरंच कळतंय."

तिने बोट मागे घेतलं आणि त्याच्या पावलावर पांघरूण घातलं. मग कितीतरी वेळ ती त्या पांघरुणावर हात ठेवून बसली होती.

तुमच्या घरात कुणाला साखर असेल तर त्याला दुखतंय का, असं विचारू नका. तो नाहीच म्हणेल. खाली बसा, त्याचा पाय मांडीवर घ्या आणि तळवा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मला मात्र या घरात जोडीदार नको. माझ्यासारखा एक खाटेवर आहे, तेवढा पुरे.