जुम्म्याचा सवाल

दुबईच्या खाडीकाठी कामाला आलेल्या बाणकोटवाल्यांची वर्गणीवर चालणारी एक खोली होती. पासष्ट साली तिथं बेकाराला सरकार काही देत नव्हतं, जे काही मिळे ते या खोलीकडून. नोकरी गेलेल्यानं जुम्म्याच्या नमाजानंतर सगळ्यांसमोर तसं सांगायचं. मग नवं काम मिळेपर्यंत त्याचं जेवणखाण खोलीच्या खर्चानं. अट एकच. कंपनीनं जाताना पैसे दिले असतील, तर आधी ते संपवायचे. बेकाराला दर जुम्म्याला हा सवाल होई. खोटं बोलणाऱ्याचा बिछाना त्याच दिवशी बाहेर. आणि खोलीनं टाकलेल्या माणसाला दुबईत कोणी दारात उभं करत नसे.

तय्यबला हे पाठ होतं, म्हणूनच त्याची पाचावर धारण बसली होती. तेलकंपनीनं त्याला गोदामातून काढलं होतं आणि तीन महिन्यांचा पगार हातावर ठेवला होता. तो खाऊन संपला आणि काम मिळालंच नाही, तर? रिकाम्या हातानं गावी बायकोसमोर, अजरासमोर, दोन पोरींसमोर उभं कसं राहायचं? भित्र्या माणसाला पळवाट बरोबर सापडते. त्यानं ठरवलं, पैशांचं बोलायचंच नाही.

सवाल विचारायचा मान अलीमियाँचा. ते खोलीत सर्वांत वडील, वाळवंटातल्या कॅम्पवर स्वयंपाकी, त्याच सकाळी परतलेले.

"तय्यब, कंपनीनं काही दिलं?"

"नाही चाचा. नोटीस दिली, खलास."

अलीमियाँनी मान हलवली. मग स्वतःच उभे राहिले. "आता माझंही ऐका. आमचा कॅम्प बंद झाला. मलाही काढलं."

तय्यबला कळलं, आता आपण पकडले जाणार. कंपनी तीच, म्हणजे त्यांनाही तीन महिन्यांचा पगार मिळालाच असणार. आणि चाचा म्हणजे रोज्यात चुकून कालवण चाखलं, तरी चारचौघांत सांगणारा माणूस.

हारुन एका ऑफिसात क्लार्क होता आणि कायद्याचा पक्का. तो म्हणाला, "चाचा, रूल सबको सेम. तुम्हाला कंपनीनं काही दिलं?"

अलीमियाँनी तय्यबकडे पाहिलं. भीतीनं तय्यबला नजरही खाली घेता येईना.

"नाही," अलीमियाँ म्हणाले.

कोणाला शंकासुद्धा आली नाही. ताटं मांडली जात असताना ते हारुनला म्हणाले, "यापुढे सवाल तू विचार. माझ्यानं होणार नाही."

आठवडाभर तय्यब खोलीचा भात कसाबसा गिळत राहिला. अलीमियाँनी मात्र त्या भाताला हात लावला नाही. पोट बिघडलंय म्हणायचे आणि बाजारातून स्वतःच्या पैशांनी रोटी आणून दाराबाहेर खायचे. तय्यबला एका शब्दानं त्यांनी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या जुम्म्याला हारुननं वडीलकीचा मान म्हणून आधी त्यांनाच उभं केलं.

"चाचा, कंपनीकडून पैसे मिळाले?"

अलीमियाँचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. तय्यबला बाहेर फेकलेला बिछाना दिसला, मुंबईची बोट दिसली, बंदरावर उभी असलेली अजरा दिसली. आयुष्यात तो इतका कधीच घाबरला नव्हता.

"हारुन, त्यांना नको." तो उठला. "आधी मला विचार."