शंकेच्या दोन लेकी

रुद्रेशचा मेसेज आला तेव्हा दामिनी वेणी घालत होती. 'आय डाउट यू लाइक मी.' वेणी अर्धीच राहिली.

रविवारी तो जळकोटहून तिला बघायला आला होता. ठिबकच्या नळ्यांचं दुकान, बोलणं कमी, हसू मात्र ओठांवरच. पोहे तिखटजाळ झाले होते, तरी डोळे पुसत पुसत त्यानं पुन्हा मागून घेतले. दामिनीचं मन तिथंच झुकलं. आज संध्याकाळपर्यंत मध्यस्थ नागप्पाकाकांना होकार-नकार कळवायचा होता, आणि हा लिहितोय, मी तुम्हाला आवडत असेन असं वाटत नाही. ज्याला नको असतं तो असाच आडून बोलतो, असं तिनं धरलं. आई गुरम्मानं काय कळवू विचारलं, तर नकोच म्हणावं वाटतंय म्हणाली, पण जरा थांब म्हणून बाहेर पडली.

लातुरात ती इंग्रजीचा क्लास घ्यायची. त्या दिवशी तिनं फळ्यावर वाक्य दिलं : 'मला शंका आहे, दुधात पाणी आहे.' अख्ख्या वर्गानं 'आय डाउट' लिहून टाकलं. दामिनी नेहमीसारखी समजावू लागली. आपली शंका एकटी, 'हो'च्या घरीही नांदते आणि 'नाही'च्याही. इंग्रजीत तिच्या दोन लेकी. सस्पेक्टचं तोंड 'हो'कडं, डाउटचं 'नाही'कडं. इथं डाउट लिहिलंत तर दूध निर्मळ ठरलं.

औशाहून येणारी पुनम म्हणाली, "मग गवळी लई खूश की मॅडम. आमच्या मनात एक, अन् वहीत उलटंच."

वर्ग हसला. दामिनीही हसली, आणि हसता हसता थबकली. जळकोटच्या माणसानंही उलटंच लिहिलं असेल तर?

वर्गाला लिहायला लावून ती गच्चीवर गेली, रुद्रेशला फोन लावला. तुमच्या इंग्रजीत चूक असावी, म्हणाली. तो गडबडला. मराठीत लिहायची लाज वाटली, शंकेला डाउटच म्हणतात ना, असं काहीबाही सांगत राहिला.

"पण म्हणायचं काय होतं?"

"हेच की... मला शंका यायलीय, तुमाला मी पसंत हाय."

कोवळं ऊन गच्चीभर सांडलं होतं. "मग तिथं सस्पेक्ट पाहिजे," ती म्हणाली. "डाउट लिहिलं की वाक्य खोटं होतं."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "अन् सस्पेक्ट लिहिलं तर खरं होतं का?"

कुणाचं वाक्य तपासायला दामिनीला इतका वेळ कधी लागला नव्हता.

"होतं," ती म्हणाली.

लगेच तिनं आईला फोन केला. नागप्पाकाकांना कळव, एवढंच म्हणाली.

"काय कळवू ते राहू दे," गुरम्मा म्हणाली. "तुझा आवाजच सांगायलाय."