फाटकापर्यंतचा विमा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. राखाडी रंगाची, चार दारांची, पेट्रोलवर चालणारी. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या वेगाच्या काट्याभोवती एकशेऐंशीपर्यंतचे आकडे छापलेले होते. पण पुढच्या तेरा वर्षांत काटा साठाच्या वर फार तर दहा-बारा वेळा गेला असेल. त्यामुळे वरचे आकडे नुसते शोभेचे असतात, अशीच माझी समजूत झाली होती.

याला कारण माझी मालकीण, सुमंगलाबाई. त्या परभणीत विम्याचे काम करतात. मला घेऊन त्या वालूरला, चारठाण्याला, पोखर्णीला जात आणि ज्याच्या वाहनाचा विमा उतरवायचा त्याच्या ओसरीवर बसून सगळा कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवत. लोक कंटाळत. "बाई, सही कुठं करू तेवढं सांगा की," म्हणत. बाई हलत नसत. "काय मिळणार ते सांगतेच. काय मिळणार नाही ते आधी ऐका," हे त्यांचे ठरलेले बोलणे.

कुणाच्या गाडीला अपघात झाला की बाई तिथेही जात. चेपलेले दरवाजे, फुटलेल्या काचा यांचे फोटो काढत आणि कागद भरत. एकदा त्यांची लेक श्रीनिधी हैदराबादहून सुटीला आली होती. तिला शेजारी बसवून मला चालवताना बाई सहज बोलून गेल्या, "निधी, वीस वर्षं झाली मला 'अतिवेगामुळे' हा शब्द लिहून. पण वेग असतो कसा, ते मला अजून ठाऊक नाही बघ."

श्रीनिधीने ते मनात ठेवले. हैदराबादच्या पलीकडे गाड्या पळवण्यासाठी बांधलेला एक ट्रॅक आहे. तिथे महिन्यातून एकदा हौशी माणसे आपली रोजची गाडी आणतात आणि मनसोक्त पळवतात. शर्यत नसते, बक्षीस नसते. आईच्या पन्नासाव्या वाढदिवसाला श्रीनिधीने तिथे आईचेच नाव नोंदवून टाकले.

मग आठ दिवस बाई माझाच कागद उलटसुलट वाचत बसल्या. तीन ठिकाणी फोन करून विचारले, तेवढ्या एका दिवसापुरता वेगळा विमा कुणी देते का? कुणी देईना. तरीही शनिवारी पहाटे आम्ही निघालो, रात्री श्रीनिधीकडे मुक्काम केला आणि रविवारी तिला घेऊन ट्रॅकवर पोचलो.

ट्रॅकच्या फाटकावर माणसांनी माझे ब्रेक तपासले, टायर दाबून पाहिले, सुटे सामान बाहेर काढले. डॅशबोर्डवरचा पोखर्णीच्या नृसिंहाचा फोटोसुद्धा काढायला लावला. बाईंनी तो पर्समध्ये ठेवला. तेवढ्यात श्रीनिधीने विचारले, "आई, आपला विमा फुल आहे ना?"

"फुल आहे, पण ह्या फाटकापर्यंतच. शर्यतीत किंवा वेग अजमावताना झालेलं नुकसान आपल्या कागदात बसत नाही."

"पण इथं शर्यत कुठं आहे?"

"वेग अजमावायलाच आलोत ना? मग लोकांना एक सांगायचं आणि आपण दुसरं धरायचं का?" बाईंनी हेल्मेट चढवले. "आत जे होईल ते माझं. समजून-उमजून चालले मी."

मित्रांनो, त्यानंतरचे कसे सांगू? सपाट, काळाभोर, रुंद रस्ता. खड्डा नाही, गतिरोधक नाही, समोरून उसाची ट्रॉली नाही. शेजारी बसलेले प्रशिक्षक म्हणाले, "दबाइये मॅडम." बाईंनी ॲक्सिलरेटर दाबला. ऐंशी झाले. शंभर झाले. एकशेवीसला माझ्या पोटात असा काही आवाज उठला, की मला वाटले दुसरीच कुठली तरी गाडी आली! तो आवाज माझाच होता. तेरा वर्षे तो माझ्या आत निजून होता आणि मला पत्ता नव्हता. एकशेचाळीसला वारा भिंतीसारखा समोर उभा राहिला आणि आम्ही त्या भिंतीतून आरपार गेलो. रस्त्याकडेचे खांब वेगवेगळे दिसेनात. बाईंनी पाय उचलला नाही. देवळात घंटेखाली उभे राहिल्यावर माणसे जशी गप्प होतात, तशा आम्ही दोघी गप्प होतो.

पाचव्या फेरीला वळण आले आणि बाईंनी ब्रेक उशिरा दाबला. माझी मागची बाजू घसरली, आकाश फिरले, आणि कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीवर मी तोंडाने आदळले. बॉनेट दुमडले, रेडिएटर फुटला, डावे चाक आत वळले.

बाईंना आणि प्रशिक्षकांना खरचटलेसुद्धा नाही. बाई उतरल्या, माझ्या वाफाळत्या तोंडाजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "लय लागलं का गं तुला?" तोवर श्रीनिधी रडत धावत आली. तिला जवळ घेऊन बाई एवढेच म्हणाल्या, "केवढा असतो गं निधी! केवढा असतो वेग!"

ट्रकवर लादून मला परभणीला योगीराजच्या गॅरेजात आणले. योगीराज माझा जुना मिस्त्री. त्याने मला चारी बाजूंनी पाहिले आणि आवाज खाली आणला. "ताई, असं करा. पोखर्णीच्या वळणावर रानातला रोही, नीलगाय वो, आडवा आला म्हणून लिवा. रोज अशा गाड्या येतेत. कोण बघायलंय? न्हाईतर हिला भंगारात घालावं लागंल."

कोणता शब्द कोणत्या रकान्यात लिहिला की काम होते, हे बाईंइतके परभणीत कुणाला ठाऊक असणार? खरे सांगते, मलाही वाटले की बाईंनी हो म्हणावे. भंगार हा शब्द कोणत्या गाडीला सोसतो?

"योगीराज," बाई म्हणाल्या, "रोही आला नव्हता. ब्रेक मी उशिरा दाबला. हिला भंगारात घालायचं नाही. जमंल तसं करू."

ट्रॅकवर मी वेगाने थक्क झाले होते. त्या दुपारी तुटक्या तोंडाने उभी असताना मी त्याहून थक्क झाले.

पुढे अकरा महिने मी पत्र्याच्या शेडमागे पडून राहिले. अंगावर धूळ साचली, खारीने माझ्या सीटमधला कापूस नेला. बाई एसटीने गावोगाव फिरत होत्या. "विमावाल्या बाईच्याच गाडीला विमा मिळंना," असे लोक गॅरेजात येऊन हसत. योगीराज आधी त्यांच्यासोबत हसायचा. मग हसेनासा झाला. बाई कधी जुने बॉनेट आणत, कधी रेडिएटर, आणि तो ते निगुतीने बसवी. शेवटी शेवटी तर गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो आपणहून माझ्यापाशी येऊन बसे.

एका सकाळी त्याने किल्ली फिरवली आणि मी सुरू झाले. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. योगीराज हात पुसत जरा घुटमळला, मग म्हणाला, "ताई, माझ्या शेडमधी लोकांच्या गाड्या असतेत. उद्या आग लागली, तर? त्याचा बी कागद असतो का?"

"असतो."

"मग मला सगळा वाचून दाखवा. काय मिळणार न्हाई ते बी."

मित्रांनो, आपल्या वाहनाचे तेल-पाणी बघा, टायरची हवा बघा, धूळ पुसा. पण त्याच्या कप्प्यात घडी घालून ठेवलेला कागदही एकदा उघडा. आपले छप्पर कुठे संपते हे ज्याला ठाऊक असते, तो उघड्यावर जातानाही डोळे उघडे ठेवून जातो. आणि मार बसला तर तो कुणा मुक्या रोह्याच्या माथी मारत नाही.

बाई दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आल्या आणि तेलाच्या पालथ्या डब्यावर बसल्या. योगीराजने मला सहज तपासायला म्हणून सुरू केले होते. बाई वाचू लागल्या. एका ओळीवर त्याने हात वर केला, "थांबा ताई, हे परत एकदा." बाईंनी परत वाचले. मला बंद करायचे दोघांनाही सुचले नाही. मीही आवाज अगदी बारीक केला. मला शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायचे होते.