आईला दिसेल एवढं अक्षर

मित्रांनो, मी एक जुनी थीम आहे. थीम म्हणजे वेबसाइटचा पोशाख. मथळा कुठे, फोटो केवढा, रंग कोणता, हे मी ठरवते. मी साधी आहे, पण टापटीप. आजकालच्या थीम नुसत्या नटतात आणि उघडायला ताटकळत ठेवतात. असो.

मला छकुलीने घडवलं. ती बत्तीस वर्षांची आहे, पण घरी अजून छकुलीच. तिचं टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. प्रत्येक पान झालं की ती आईला दाखवायची आणि आई तळाच्या ओळीपाशी अडायची. म्हणून छकुलीने माझ्या कोडमध्ये एक टीप लिहिली: 'तळाचं अक्षर याहून बारीक करू नये. आईला दिसत नाही.' अशी टीप वेबसाइटवर दिसत नाही, कोड उघडणाऱ्यालाच सापडते.

मग तिने मला मुक्त परवान्याखाली जगाला देऊन टाकलं. कोणीही घ्या, बदला, हवं तर विका. फक्त परवान्याची छोटी फाइल आणि घडवणारीचं नाव सोबत राहू द्या. हे फुकट देणं बघून तिच्या भावाने कपाळावर हात मारला.

"मीसुद्धा कुणीतरी असंच दिलेलं उघडून बघतच शिकले ना," ती म्हणाली.

मी एका शिंप्याकडे नांदले, एका ग्रंथालयात नांदले. कौतुक झालं की मनातून फुगायचे. पुढे एका विक्रेत्याने मला नवा रंग, नवं नाव देऊन आपल्या ऑनलाइन दुकानात मांडलं. विकायला हरकत नव्हतीच. पण त्याने परवान्याची फाइल काढली आणि छकुलीचं नावही पुसलं.

त्याच सुमारास आईचे डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी छकुलीला दवाखान्याची वेबसाइट करायला सांगितली. तिने मला दाखवलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "ही तर मी एका दुकानात पाहिलीय. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून देताय तुम्ही?"

स्वतःच्याच लेकराची चोर ठरली बिचारी. मला फार वाईट वाटलं. भाऊ म्हणाला, यापुढे कुणाला काही देऊ नकोस. तीही मला कुलूपबंद करायला निघाली होती.

पण आधी ती लॅपटॉप घेऊन पुन्हा दवाखान्यात गेली आणि दुकानातल्या थीमचा कोड बाईंसमोर उघडला. नाव पुसणाऱ्याने आतल्या टिपा वाचल्याच नव्हत्या. आईची ओळ जागच्या जागी होती. बाईंनी ती दोनदा वाचली.

"आईंच्या डोळ्यांची तक्रार त्या दुकानदाराला कुठून ठाऊक असणार?" त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. वेबसाइट तुम्हीच करा."

छकुलीने विक्रेत्यालाही पत्र लिहिलं. परवान्याची फाइल त्याने न वाचताच काढून टाकली होती. त्याने माफी मागितली, फाइल परत ठेवली आणि पानाच्या तळाशी छकुलीचं नाव पुन्हा लावलं. तो मला अजून विकतो, आणि माझ्यातली एक चूक दुरुस्त करून त्याने ती दुरुस्ती छकुलीला पाठवलीसुद्धा. मला कुलूप काही लागलं नाही.

मित्रांनो, दिलेलं जरूर घ्या, खुशाल विका. पण आतली ती छोटी फाइल एकदा वाचा आणि देणाऱ्याचं नाव जपा. परवा छकुलीने आईला त्या दुकानाचं पान दाखवलं. आईचा चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता. आईने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि लेकीचं नाव सावकाश, न अडता वाचलं.