शेंगदाण्याचं दही

"दूध हे विष आहे, मटण हे मरण आहे, आणि अंडं हे त्या दोघांच्या वाटेवरचं बसस्टँड आहे," असं केरबा सूर्यवंशीने लातुरातल्या जलीलच्या डेअरीत भर सकाळी जाहीर केलं. तेव्हा त्याच्या मिशीला ताकाचा फेस होता आणि हातात दुसरा ग्लास.

"हा शेवटचा," तो म्हणाला.

"पैला पन शेवटचाच म्हणला होतास," जलील म्हणाला. "अन् माझ्याच दुकानात उभा राहून मला विष विकतो म्हणून राहिलास. गिऱ्हाईक ऐकून राहिलेत, मियाँ."

दुसरा ग्लास मात्र खरंच शेवटचा ठरला.

केरबा म्हणजे रिटायर ग्रामसेवक. बोलण्याची सवय गेली नव्हती, ऐकणारं गाव तेवढं गेलं होतं. छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली, तेव्हा त्याची पुतणी प्रियदर्शनी नांदेडहून धावत आली. ही धाकट्या भावाची मुलगी. मुखेडहून लातूरला आली, काकाच्या घरी राहून क्लास केले आणि डॉक्टर झाली. लातुरात हे इतक्यांदा घडतं, की शेजाऱ्यांनी पेढे मागायचंही सोडून दिलंय.

"काका, मटण, अंडी, दूध, दही, तूप, सगळं बंद," रिपोर्ट वाचून ती म्हणाली. "भाकरी, डाळी, पालेभाज्या, शेंगदाणे, फळं. पोटात चोथा गेला की शुगर आवरते. रक्तातली चरबी उतरते, बीपी नरमतं. बी-ट्वेल्व्हची गोळी तेवढी घ्यायची, ते झाडाला लागत नाही."

"अन् चव?"

"जिवंत राहिलात की बघू."

केरबाने ऐकलं. ही मुलगी बारा दिवसांची असताना तिच्या बारशाला म्हणून तो किल्लारीहून मुखेडला गेला होता आणि मुक्कामी राहिला होता. बायको नागुबाई येणार होती, पण लेक सिंधु तापाने फणफणली म्हणून मायलेकी घरीच थांबल्या. त्याच रात्री, तीस सप्टेंबर उजाडायच्या आत, भूकंप झाला. पाळण्यात एक नाव आलं आणि घरातली दोन गेली. प्रियदर्शनीच्या बारशामुळे काका वाचला, हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही. पण त्याचा जीव आपल्याच नावावर चढवलेला आहे, असं समजून ती वागायची.

मग अंबाडीची भाजी आली, हुलग्याचं माडगं आलं, जवसाची चटणी आली. काळा चहा आला, तो केरबाने शिक्षा भोगावी तसा घेतला. त्याच्या घरात भाड्याने राहणाऱ्या क्लासच्या पोरांना त्यांच्या आया गावाकडून तुपाचे डबे पाठवत, मेंदू चालावा म्हणून. केरबा त्या आयांना जिन्यात गाठून व्याख्यान देई. त्या निमूट ऐकून घेत आणि पुढच्या खेपेला मोठा डबा आणत.

आणि मुख्य अडचण अशी झाली, की गुण आला. काही महिन्यांत शुगर उतरली, पोट उतरलं, रात्रीची धाप गेली. जिना चढताना मध्ये थांबावं लागेना. केरबा इतका बरा झाला, की गल्लीत त्याला काहीतरी मोठा आजार झाल्याची बातमी पसरली. दोघं जण भेटून, हात हातात घेऊन, डोळे पुसून गेले.

प्रियदर्शनी फोनवर खूश होती. "काका, असंच चाललं तर अजून पंधरा-वीस वर्षं कुठं जात नाही तुम्ही."

फोन ठेवून केरबाने हिशेब मांडला. पंधरा-वीस वर्षं. म्हणजे तितकेच तीस सप्टेंबर.

त्या दिवशी दरवर्षी तो धपाटे थापायचा. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध बसत नाही हे त्याला पाठ होतं, म्हणून तो त्याला श्राद्ध म्हणत नसे. म्हणे, 'सिंधुचं जेवण.' धपाटे आणि दही तिच्या फोटोपुढे ठेवायचं, आणि मग तेच ताट आपल्यापुढे ओढून स्वतः जेवायचं. टाकायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. दही जलीलकडचं, त्याच्या बायकोने, साबेराने, खास गाडग्यात लावलेलं.

यंदा जलील गाडगं घेऊन आला, तर ताट आधीच मांडलेलं. धपाट्याशेजारी वाटीत काहीतरी पांढुरकं.

"हे काय?"

"दही. शेंगदाण्याचं. दाणे भिजवायचे, वाटायचे, गाळायचे अन् लावायचं. चरबी वाढवत न्हाई."

जलीलने कडेला पडलेला थेंब बोटाने टिपून चाखला. "विरजण कशाचं?"

केरबा खिडकीबाहेर बघू लागला. "मिरचीच्या देठानं लागतं म्हणतात. लागलंच न्हाई."

"मंग?"

"तुझ्या दुकानातलं आणलं चमचाभर. पोराला पाठवून."

"म्हंजे मला विषवाला म्हणून राहिला, अन् विरजण माझंच!"

"चमचाभरच रे. प्रियदर्शनीला सांगू नको."

जलील हसला. मग फोटोकडे बघून त्याचं हसू थांबलं. वाटी त्याने हळूच बाजूला सारली. "केरबा, शुगर तुझी हाय. सिंधुची न्हाई."

जलीलला भूकंपाचं सगळं ठाऊक होतं, पण हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच केरबाच्या तोंडून निघालं.

"मुखेडला निघालो तवा दही मागून राहिली होती. म्या म्हणलो, ताप हाय, दही बादतं. उद्या आल्यावर देतो. तब्येतीसाठीच म्हणलो."

बाहेर कुठल्यातरी क्लासची घंटा झाली. शेकडो सायकली एकदम निघाल्याचा आवाज आला आणि विरून गेला.

केरबाने गाडग्यावरचं फडकं सोडलं. वर जाड साय धरली होती. ती न मोडता त्याने वाटी भरली आणि फोटोपुढे ठेवली. दोघं भिंतीला टेकून बसले. सात वर्षांच्या मुलीला जेवायला जितका वेळ लागेल तितका वेळ त्यांनी जाऊ दिला. मग केरबाने ताट ओढलं आणि धपाट्याचा तुकडा दह्यात बुडवला.

दरवर्षी या घासाला तिचा आवाज यायचा, 'बाबा, साय मला.' हे त्याने फक्त जलीलला सांगितलं होतं. इतके महिने दही तोंडात नव्हतं. केरबाला वाटलं, आता तर तो अगदी जवळून येईल. तो हळूहळू चावत राहिला. दही आंबट होतं. आंबट आणि थंड, बाकी काही नाही. त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. वाटी बोटाने पुसून घेतली.

"आली का?" जलीलने विचारलं.

केरबाने मान हलवली. नाही.

जलीलने रिकाम्या ताटावर हात ठेवला, काढला. उठला, चप्पल शोधू लागला. केरबा उद्यापासून पुन्हा भाकरी आणि जवसाची चटणी खाणार होता, ठणठणीत राहणार होता, पंधरा-वीस वर्षं. दोघांनाही ते कळत होतं.

दारात जलील घुटमळला. परत आत आला आणि बाजूला सारलेल्या वाटीकडे बघत खालच्या आवाजात म्हणाला,

"केरबा, परवा माझी बी शुगर लई निघाली. ते तुझं शेंगदाण्याचं उरलं असंल तर जरा डब्यात दे. अन् डबा पिशवीत घाल, दुकानावरून जायचं हाय."