आबांचा अमेरिकेतला माणूस

या सोयरिकीत आबांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी मांडतो. मुलाने स्वतः पसंत केलेली, शिकलेली सून, म्हणजे स्थळं शोधण्याची पायपीट वाचली. मुलगा सुदेश नोकरीला अमेरिकेत. लग्नानंतर व्हिसा होईपर्यंत सून घोडबंदर रोडला आबांच्या एकविसाव्या मजल्यावर राहणार, म्हणजे आबांच्या पत्नी केशरबाईंच्या गुडघ्यांना आराम, वेळेवर गोळ्या आणि तव्यावरून थेट ताटात येणारी पोळी. आणि सर्वांत मोठा लाभ आबांनी कुणाला बोलून दाखवला नव्हता, तो म्हणजे नवा श्रोता. त्यांचं जागतिक राजकारण ऐकणं केशरबाईंनी कधीचंच सोडून दिलं होतं.

एवढ्या सगळ्यासाठी त्यांची अट एकच. रचनाने लग्नाआधी नोकरीचा राजीनामा द्यायचा.

आता रचनाकडचं पाहा. वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कारखान्यात ती तपासणी विभागाची प्रमुख. तिची सही झाल्याशिवाय गोळ्यांचं एक खोकं गेटबाहेर जात नाही. तिच्या दुप्पट वयाचे मॅनेजर टेबलाशी उभे राहून 'मॅडम, झालं का?' विचारतात, आणि झालं नसेल तर ती नाही म्हणते. अशी जागा मिळायला तिला आठ वर्षं लागलेली.

मी मध्यस्थ. दोन्हीकडचा पाहुणचार माझ्या पोटात, त्यामुळे मोडता घालणं मला परवडणारं नव्हतं. बैठकीच्या आधी रचना मला म्हणाली, "काका, मुलगा आवडलाय. नोकरीपण आवडते. दोन्ही जमवा."

मी म्हटलं, "एकच सांगतो. आबांशी वाद घालू नकोस. त्यांना हरायची सवय नाही."

"असं होय," ती म्हणाली. "हे बरं सांगितलंत."

रविवारी बैठक कल्याणजवळ विठ्ठलवाडीला, रचनाच्या घरी. तिचे वडील धम्मपाल सकाळपासून दारात. पाहुणे घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले आणि आले तेव्हा साडेबारा वाजून गेलेले. जय भीम झाला, पाणी झालं, बाबासाहेबांच्या तसबिरीला नमस्कार झाला. सुदेश तिकडे गाढ झोपेत, म्हणजे त्याचं लग्न ठरवताना त्याची अडचण कुणाला नव्हती.

अमेरिकेत तेव्हा अध्यक्षपदाची निवडणूक रंगात आलेली. त्यातल्या एका उमेदवाराला आबा 'आपला माणूस' म्हणत. आपला कसा, ते कुणाला ठाऊक नाही. पण त्याचं एकही भाषण आबांच्या मोबाइलमधून सुटत नसे, आणि गाडीत दोन तास त्यांनी तेच ऐकलं होतं. केशरबाईंचा चेहराच सांगत होता.

चहाचा पहिला घोट घेऊन आबा विषयावर आले. "धम्मपालराव, देणंघेणं आम्हाला नको. साधं लग्न करू. फक्त मुलीने नोकरीचं तेवढं आवरतं घ्यावं. दोन-तीन महिन्यांत व्हिसा होईल, मग कशाला ती धावपळ?"

धम्मपाल गालिच्याकडे बघत राहिला. पोरीच्या बाजूने बोलावं तर स्थळ जातं, न बोलावं तर पोरगी. रचनाच्या आईने, शीलावहिनींनी, फरसाणाची बशी उगाच पुढे सरकवली.

इथे रचनाने बाबासाहेबांचं नाव घ्यावं असं मला वाटत होतं. तिने घेतलं नाही, आणि ते शहाणपणाचं होतं. आबांनी तसबिरीला पुन्हा हात जोडले असते, स्त्रीशिक्षणावर दहा मिनिटं छान बोलले असते आणि राजीनामा मागितलाच असता.

त्याऐवजी ती म्हणाली, "आबा, तुमचा तो उमेदवार आला तर व्हिसा पटापट होतील, नाही?"

आबांनी बशी खाली ठेवली. "कुणी सांगितलं तुला?"

"असंच वाटतं. भारताशी मैत्री ठेवणार म्हणतो ना तो."

"अगं, मैत्री वेगळी आणि दार वेगळं. शेजारी कितीही चांगला असला तरी त्याला किल्ली देतो का आपण? आधी आपलं घर, मग बाहेरचे. आपला माणूस स्पष्ट म्हणतो, बाहेरच्यांनी रांगेत उभं राहायचं. वर्ष लागो, पाच वर्षं लागोत."

"निवडणुकीत सगळेच बोलतात हो. करत कुणी नाही."

धम्मपालने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. शीलावहिनी पदराआडून लेकीला डोळे दाखवत होत्या.

"बाकीचे करत नसतील," आबांचा आवाज चढला. "आपला माणूस बोलतो ते करतो. त्याच्या शब्दावर डोळे मिटून चालावं."

"बरं, ते राहू दे. पण मित्रदेशांना संरक्षण देणार नाही म्हणतो, ते तरी पटतं का तुम्हाला? इतकी वर्षं ते बिचारे अमेरिकेच्या भरवशावर राहिले. त्यांनी एकदम कुठे जायचं?"

यावर तर आबा गालिच्यावर पुढे सरकले. हाच त्यांचा आवडता धडा. "का म्हणून भरवशावर राहायचं? दुसऱ्याच्या छत्रीखाली बसून कुणी मोठं झालंय का? आज छत्री धरणारा उद्या हात काढून घेईल, मग भिजा. ज्याने त्याने आपलं सैन्य आपण ठेवावं. स्वतःच्या पायावर उभा असतो त्यालाच मान."

"देशाचं ठीक आहे, आबा. पण एवढा कठोर हिशेब..."

"देश काय नि घर काय, चालवायची रीत एकच."

"म्हणजे तो चुकत नाही म्हणता."

"मुद्दा दाखव. एक तरी मुद्दा दाखव."

रचनाने थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाली, "नाही हो. हरले मी. तुमचं सगळं पटलं."

आबा मागे टेकले. तोंडावर असं समाधान की भाषण त्या उमेदवाराने नाही, यांनीच केलं असावं. "धम्मपालराव, मुलगी हुशार आहे. समजावलं की समजतं."

"समजलं म्हणून तर अडचण झाली," रचना म्हणाली. "तुमचा माणूस आला तर व्हिसाला पाच वर्षंपण लागतील. तोवर मी सैन्य मोडून छत्रीखाली बसायचं? राजीनामा कसा देऊ, आबा?"

 धम्मपालने मान वर केली.

"अगं, पाच म्हणजे, तसं बोलायची पद्धत असते," आबा म्हणाले. "निवडून आल्यावर माणूस जरा नरम..."

"म्हणजे बोलतो ते करत नाही?"

"तसं नाही म्हणालो मी."

"मग करतो."

"करतो," आबा म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांनाच कळलं. इकडे उमेदवार सोडायचा, नाहीतर तिकडे राजीनाम्याची अट. मघाशी त्याच्या शब्दावर डोळे मिटून चालायला निघालेला माणूस आता डोळे उघडून बसला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फरसाण बरं होतं, मी ते खात होतो.

केशरबाई आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एक विचारू? आपला सुदेश तिकडे कोण? घरातला की बाहेरचा?"

आबांनी कप उचलला, तो रिकामा होता.

"बाहेरचाच ना. मग तुमच्या माणसाने उद्या त्याला सांगितलं, जा बाबा आपल्या घरी, तर तो येणार आपल्याकडे. नोकरी जाऊन येणार. त्या दिवशी घरात एक तरी डबा घेऊन कामाला जाणारं माणूस असू दे." आणि रचनाकडे वळून, "तुला पोळ्या नीट येतात का गं?"

"वाकड्या येतात, आई."

"मग राहू दे. आपण बाई लावू."

शीलावहिनी हसल्या. धम्मपाल हसला, पण आधी आबांकडे बघून घेतलं. आबांनी मात्र जो मार्ग काढला, त्यासाठी मी त्यांना आजही मानतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "मी मघापासून दुसरं काय सांगतोय? मुलीने स्वतःच्या पायावर उभं राहावं. राजीनामा द्यायचा नाही. आमच्या घरात ही गोष्ट चालायची नाही, आधीच सांगून ठेवतो."

"बरं, आबा," रचना म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

तारीख तिथेच ठरली, हॉलही कल्याणचाच. आबा एवढे खुश की पुरणपोळीवर पुरणपोळी घेत उरलेलं परराष्ट्र धोरण त्यांनी धम्मपालला समजावलं, आणि लेकीच्या नोकरीची काळजी मिटलेला धम्मपाल प्रत्येक वाक्याला हो म्हणत गेला. गाडीत बसतानाही आबा मला सांगत होते, "पाहिलंत ना, वाद कसा जिंकायचा असतो?"

पाहिलं होतं. रचनाने 'हरले' हा एक शब्द दिला, तोही खरा नव्हता. धम्मपालची एक दुपार ऐकण्यात गेली. केशरबाईंना काहीच द्यावं लागलं नाही, उलट गाडीतलं भाषण जाताना बंद राहिलं, असं त्यांनीच नंतर सांगितलं. बाकीचं सगळं आबांनी भरलं, आणि जिंकल्याच्या खुशीत हसत भरलं.