घड्याळ बांधलेली काठी

मी काठी बोलतेय. म्हातारपणाचा आधार वगैरे म्हणून लगेच गहिवरू नका, त्या गहिवराचाही मला आता वीट आलाय. मी चालायची काठी आहे. चालण्यासाठीच मला घडवलं आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून जे करून घेतलं, ते आठवलं तरी मला शिसारी येते.

माझा जन्म इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. कुंपणाकडेच्या झुडपाची मी एक सरळ फांदी. एका म्हाताऱ्या सुताराने मला तोडलं, वर्षभर छपराखाली वाळवलं, तेल पाजलं आणि खाली पितळेची टोपी बसवली. त्या गावाभोवती चालायच्या साध्या, सोप्या वाटा होत्या. चर्चच्या मागून निघायचं, मेंढ्यांच्या कुरणातून जायचं, ओढ्याकाठाने वळायचं आणि तासाभराने चहाच्या दुकानापाशी टेकायचं. धाप लागावी असं त्यात काही नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी तिथे उल्हासराव आणि शोभनाबाई सुट्टीला आले. उल्हासराव म्हणजे मिशिगनमधल्या ॲन आर्बरचे, नुकतेच रिटायर झालेले इंजिनियर. त्यांनी मला विकत घेतलं, एका फाटकापाशी मला रोवून ऐटीत फोटो काढून घेतले आणि लगेच बायकोच्या हातात दिलं. म्हणजे चालल्या त्या शोभनाबाई. आठ दिवस आम्ही दोघी रोज चाललो. त्या वाटेतल्या मेंढ्यांशी मराठीत बोलायच्या, मी मराठी तिथेच शिकले. इतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

अमेरिकेत आले आणि माझी रवानगी गराजमध्ये, बर्फ काढायच्या फावड्याशेजारी झाली. इथे चालायला जायचं तर आधी गाडी काढावी लागते. घरासमोरच्या रस्त्याला फूटपाथ नाही आणि गाड्या अशा सुसाट जातात की माणूस पायी दिसला तर लोक वळून बघतात. गावाबाहेर मक्याच्या शेतांमधून एक जुनी रेल्वेची वाट जाते. रूळ काढून ती सपाट केलीय. पोचायला गाडीने पंचवीस मिनिटं. वर्षातून दोनदा माझं तिथे जाणं व्हायचं, तेही पाहुणे आले तर.

यंदा जूनमध्ये शोभनाबाईंचा उजवा गुडघा बदलला. व्यायाम करून घेणाऱ्या तरुण थेरपिस्टने त्यांना बजावलं की पहिले तीन-चार महिनेच काय ते महत्त्वाचे, रोज सपाट जमिनीवर चाला, नाहीतर गुडघा आखडेल आणि मग कायमचा तसाच राहील. आणि गुडघा नीट वाकेपर्यंत गाडी चालवायची नाही. म्हणजे त्या वाटेवर जायचं तर उल्हासरावांनी न्यायला हवं. शोभनाबाईंनी गराजमधून मला आणवलं, पुसलं आणि दाराशी उभं केलं. मला वाटलं, आपले दिवस पालटले.

कसले पालटतात! त्याच महिन्यात इथल्या महाराष्ट्र मंडळाने चालण्याची स्पर्धा जाहीर केली. प्रत्येकाने घड्याळात मोजलेली पावलं रोज व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची, दसऱ्याला बेरीज करायची आणि पहिल्या येणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सपत्नीक सत्कार. उल्हासराव मंडळाचे माजी अध्यक्ष. आजवर त्यांनी डझनभर लोकांच्या खांद्यावर शाली घातल्या होत्या, त्यांच्या खांद्यावर मात्र कुणी घातली नव्हती. ही खंत ते जेवताना बोलून दाखवायचे.

पहिले चार दिवस ते खरंच चालले. पाचव्या दिवशी खुर्चीत रेलून क्रिकेट बघताना त्यांनी मला उगाच हातात घेतलं आणि पुढे-मागे हलवू लागले. मॅच संपली तेव्हा मनगटावरच्या घड्याळात तीन हजार पावलं जमा झाली होती. त्यांचे डोळे असे चमकले की माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

दुसऱ्या दिवसापासून, हात दुखतो म्हणून, त्यांनी घड्याळ माझ्याच गळ्यात बांधलं, म्हणजे मला नुसतं बोटांनी झुलवलं की पुरे. रोज दुपारी टीव्ही लावायचा, पाय वर घ्यायचे, चिवड्याची वाटी पोटावर ठेवायची आणि मला झुलवत बसायचं. तेलकट बोटांनी, तासन् तास. शी! रानावनात हिंडण्यासाठी तयार केलेली मी, आणि गालिच्यावर एक इंचही पुढे न जाता हजारो पावलं चालत होते. मला ओकारी येत नाही म्हणून, नाहीतर त्या गालिच्यावरच ओकले असते.

एवढ्यावर भागलं असतं तर! ग्रुपवर फोटो हवा म्हणून ते मला मागच्या अंगणात न्यायचे, पाइपने माती भिजवायचे आणि माझ्या पितळेच्या टोपीला तो चिखल फासायचे. खाली लिहायचे, "आज जरा लांबवर गेलो." लगेच उत्तरं यायची, "काका, यू आर अवर इन्स्पिरेशन!" चिखलाचं मला वावडं नाही. पण त्या अंगणातल्या खोट्या चिखलाची जी किळस वाटायची, ती कशाचीच कधी वाटली नाही.

आणि दाराशी शोभनाबाई बूट घालून बसलेल्या असायच्या.

"अहो, जाऊया का आज त्या वाटेवर? अर्धाच मैल. थेरपिस्ट परत विचारत होती."

"माझे दहा हजार झाले गं. आता पायांत त्राण नाही. उद्या नक्की."

हे वाक्य मी जुलैत ऐकलं, ऑगस्टमध्ये ऐकलं, सप्टेंबरमध्येही ऐकलं. शोभनाबाई मुकाट्याने बूट काढायच्या. मला त्यांचाही राग यायचा, खोटं कशाला सांगू? चिवड्याची वाटी त्याच भरून द्यायच्या.

दसऱ्याचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता, शनिवारी दुपारी. उल्हासराव झब्बा घालून गेले आणि फोटोत शोभेल म्हणून मलाही घेऊन गेले. समितीतली कादंबरी माइकवर होती, हौशी, तिशीतली मुलगी.

"उल्हासकाकांची टोटल आहे अकरा लाख चाळीस हजार! आणि काकूंच्या सपोर्टशिवाय हे पॉसिबलच नव्हतं. शोभनाकाकू, प्लीज स्टेजवर या!"

टाळ्या झाल्या. उल्हासराव मला टेकवत वर जाऊन उभे राहिले. स्टेजला तीन पायऱ्या होत्या. शोभनाबाई पहिल्या पायरीशी आल्या, कठडा धरला, पाय उचलला. गुडघा वाकेना. पुन्हा प्रयत्न केला. सगळे बघत होते.

"ये ना गं, लोक खोळंबलेत," उल्हासराव वरून म्हणाले.

"ती काठी द्या इकडे."

"अगं, फोटो होऊ दे आधी."

शोभनाबाईंनी कठडा सोडला. "कादंबरी, मला नको बोलावूस वर," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "घड्याळ त्या काठीला बांधून हे खुर्चीत बसून चालले. मला चार महिन्यांत एकदाही चालायला नेलं नाही. माझा गुडघा आखडला. कसला सपोर्ट?"

उल्हासराव हसले. "हिची थट्टा करायची सवय जाणार नाही," म्हणाले. कादंबरी मात्र हसली नाही. तिने माइक ठेवला, त्यांच्या मुठीतून मला सोडवलं, खाली आली आणि मला शोभनाबाईंच्या हातात दिलं.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझा संताप कळेल. समितीतल्या बाकीच्यांनी आपसात कुजबुज केली आणि शाल उल्हासरावांनाच घातली! आणलेली शाल परत कुठे न्यायची, वाईट कशाला दिसायचं, म्हणून. लोकांनी टाळ्याही वाजवल्या आणि श्रीखंडाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. तो चिखल परवडला, असं मला त्या क्षणी वाटलं.

थेरपिस्टने नंतर स्पष्ट सांगितलं की गुडघा थोडा सुधारेल, पण जेवढा वाकायला हवा होता तेवढा आता वाकणार नाही. शोभनाबाई गाडीत बसून रडल्या. मला त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

दर शनिवारी कादंबरी येऊन आम्हाला त्या वाटेवर नेते. सुरुवातीला शंभर पावलांवर बसावं लागायचं, आता पाव मैल जमतो. मका कापून झालाय, शेतं उघडी पडलीत आणि महिन्याभरात बर्फ पडेल. परवा कादंबरी बाहेरगावी गेली होती, म्हणून उल्हासरावांना गाडी काढावी लागली. लोक काय म्हणतील म्हणून तेही आमच्यासोबत चालायला लागले. वाटेवरच्या पहिल्या पुलापर्यंतही पोचलो नव्हतो तोच त्यांना धाप लागली.

"अगं, जरा काठी दे ना," ते म्हणाले.

शोभनाबाई थांबल्या. माझ्या मुठीवरची त्यांची बोटं सैल झाली. बेचाळीस वर्षांची सवय, मागितलं की द्यायचं. नका देऊ, बाई! हवं तर मोडून शेकोटीत घाला, पण पुन्हा त्या हातात देऊ नका.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग समोरच्या वाटेकडे. बोटं पुन्हा आवळली.

"तुम्ही गाडीत जाऊन बसा," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी येतो जाऊन."